निकाल मोठ्याने वाचावा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ड्राइव्हवेच्या कडेला शोव्हल करून टाकलेल्या बर्फासारखे ते आपोआप साचतात. पहिल्या दिवशी पांढरे, भुसभुशीत. मग त्यावर मीठ पडतं, गाड्यांचा काळा चिखल उडतो, वर आणखी एक थर चढतो. एप्रिलमध्ये सगळीकडे गवत डोकवायला लागलं तरी तो ढीग तिथेच, दगडासारखा. माझ्याकडे मंडळवाल्यांचा असा एक ढीग आहे. आज मी तो फोडणार आहे.

मी कोण ते आधीच सांगते, म्हणजे नंतर "ही कोण लागून गेली?" असं विचारायला नको. मी सई. वय चोवीस. इथे कॅनडात, हॅलिफॅक्सच्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला डिग्री सोडली. नॉर्थ यॉर्कमधल्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचे टायर बदलते. आणि महिन्यातला एक रविवार मी एका कोर्टाची रजिस्ट्रार असते.

हसू नका! अकरा स्वतंत्र, सार्वभौम, स्वाभिमानी मराठी मंडळांच्या डोक्यावर बसलेलं कोर्ट आहे ते. भरतं आपटे सरांच्या बेसमेंटमध्ये, फर्नेस आणि डीप फ्रीझरच्या मधे.

*

हे कोर्ट जन्माला आलं ते एका शनिवारामुळे.

आमच्या मंडळांचा एक महासंघ आहे. त्याचं खरं काम एकच: महाराष्ट्रातून दरवर्षी एक नाटक आणायचं आणि गावोगावी फिरवायचं. एका वर्षी दोन मंडळांनी नाटकासाठी एकच शनिवार मागितला. दोघांपैकी कोणी मागे हटेना. फोनवर भांडणं, ईमेलवर भांडणं, चाळीस वर्षांच्या मैत्र्या तुटल्या. शेवटी कलाकार विमानतळावर उतरले तेव्हा त्यांना घ्यायला दोन मंडळांच्या दोन व्हॅन उभ्या होत्या. नायक एका व्हॅनमध्ये बसला आणि नायिका दुसऱ्या!

तेव्हा आपटे सर उभे राहिले. सर आयुष्यभर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवून रिटायर झालेले. म्हणाले, "युरोपात बघा. देशादेशांच्या वर एक कोर्ट आहे. त्याचा निकाल देशाच्या स्वतःच्या कायद्यापेक्षा वरचढ. मोठमोठे देश मान तुकवतात. आपल्याला का जमू नये?"

अकराच्या अकरा अध्यक्षांनी हात वर केले. एकमताने! मराठी माणसांची एकजूट बघून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला नंतर कळलं हात का वर झाले ते. प्रत्येकाला वाटलं होतं, हे कोर्ट शेजारच्या मंडळासाठी आहे.

*

हात वर केले खरे, पण घरी जाऊन सगळ्यांना घाम फुटला. म्हणून घटना लिहिताना कलम चौदा आलं.

"न्यायपीठाचा निकाल सर्व सदस्य मंडळांवर बंधनकारक राहील." इथपर्यंत सरांचं. पुढचं वाक्य ग्वेल्फ मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे भालेराव काकांनी घुसवलं: "मात्र तो संबंधित मंडळाच्या सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचला गेल्याच्या क्षणापासून लागू होईल. सचिवाने ती वेळ इतिवृत्तात नोंदवावी."

का, तर म्हणे, "आमच्या माणसांना आमच्या छपराखाली, आमच्या भाषेत कळलं पाहिजे. नॉर्थ यॉर्कच्या तळघरातून आलेला कागद आम्ही का म्हणून मानायचा?"

लागू झाल्यावर तीस दिवसांत निकाल पाळला नाही तर शिक्षा काय? त्या मंडळाला नाटक नाही. बस. आमच्याकडे पोलीस नाहीत, तुरुंग नाही. आमच्याकडे एक नाटक आहे. आणि सांगते, तुरुंगाला घाबरणार नाहीत एवढी ही माणसं त्याला घाबरतात!

पहिला निकाल मोदकांचा. हॅलिफॅक्सच्या मंडळाने मोदक स्पर्धा जिंकली आणि ग्वेल्फने तक्रार केली की त्यांनी फ्रोझन खोबरं वापरलं. हॅलिफॅक्सचं मंडळ म्हणजे नुकती आलेली पोरं-पोरी, कोणी नर्स, कोणी सॉफ्टवेअरवाले. ती म्हणाली, "अहो, इथे मिळणारा नारळ फोडला तर आतून साबणाचा वास येतो!" तीन न्यायाधीशांनी दोन तास चर्चा केली. निकाल ग्वेल्फच्या बाजूने: स्पर्धेत खोबरं ताजं खवलेलंच.

भालेराव काकांनी दुसऱ्याच रविवारी सभा बोलावली. माईक हातात घेऊन निकाल वाचला. मग म्हणाले, "मागच्यांना ऐकू आलं नसेल," आणि पुन्हा वाचला. सचिव कुलकर्णी काकांनी इतिवृत्तात लिहिलं: "वाचन सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी. टाळ्या."

कुलकर्णी काकांबद्दल एवढंच सांगते की हा माणूस सगळं लिहितो. सभेत कोणी शिंकलं तरी लिहितो. रिटायर होण्याआधी लॅबमध्ये तापमानं नोंदवायचे, ते अजून चालूच आहे.

*

आता मुद्द्यावर येते.

मागच्या नोव्हेंबरात नीलिमा मावशी गाडी घेऊन ग्वेल्फहून माझ्या गॅरेजमध्ये आली. सव्वा तास ड्राइव्ह करून, विंटर टायर बदलायला! ग्वेल्फमध्ये काय टायरवाले संपले होते? मी समजले, टायर हे निमित्त आहे.

नीलिमा मावशी ग्वेल्फ मंडळाची मराठी शाळा चालवते. चौदा वर्षं, दर रविवारी, एका चर्चच्या बेसमेंटमध्ये. मी दहा वर्षांची असताना तिच्या पहिल्या बॅचला होते. मी आज हे जे लिहितेय ना, ते तिच्यामुळे. नाहीतर मी पण "आय कॅन अंडरस्टँड बट आय कान्ट स्पीक" म्हणणाऱ्यांतली झाले असते.

गाडी जॅकवर चढवली. मावशी हात खिशात घालून उभी.

"सई, मला ना, गेस्टचा बिल्ला लावायला सांगितलाय."

"कुठे?"

"मंडळात. कार्यक्रमाला. दारातच. आता मी सभासद नाही म्हणे."

तिचा घटस्फोट दोन वर्षांपूर्वी झाला होता. मंडळाच्या रजिस्टरमध्ये नाव "श्री. दातार व कुटुंब" असं. दातार गेले व्हँकुव्हरला. सहा वर्षांत मंडळाची पायरी चढलेले नाहीत. पण सभासद कोण? दातार! कारण ते कुटुंबप्रमुख. आणि मावशी? ती "व कुटुंब" होती. आता ती "व" पण नाही आणि "कुटुंब" पण नाही.

"मग स्वतःच्या नावाने फॉर्म भर ना."

"भरला. परत आला. एकट्या बाईचा रकाना नाही म्हणाले. विधवांसाठी आहे. 'कै. अमुक यांचे कुटुंब' असा."

माझ्या हातातला पाना खाली पडला. म्हणजे दातार मेले असते तर चाललं असतं!

"आणि शाळा?" मी विचारलं.

"शाळा चालू ठेवा म्हणाले. मुलांचं नुकसान नको. फक्त वर्गात जाताना बिल्ला लावायचा." तिने खिशातून काढून दाखवला. पिवळा, प्लॅस्टिकचा, क्लिपवाला. "मला काही नको गं. रजिस्टरमध्ये एक ओळ हवीय. नीलिमा वर्तक. बस. चौदा वर्षं तिथल्या पोरांना स्वतःचं नाव लिहायला शिकवलं मी."

त्या दिवशी मी चार बोल्ट एवढे आवळले की मालक ओरडला.

*

केस उभी राहिली. "नीलिमा वर्तक विरुद्ध ग्वेल्फ मंडळ." न्यायाधीश तीन: आपटे सर, हृदयरोगाचे रिटायर्ड डॉक्टर देसाई, आणि हॅलिफॅक्सची रेवती, जी स्क्रीनवरून असते आणि जिच्या मागे कायम कोणाचं तरी बाळ रडत असतं.

भालेराव काका थ्री-पीस सूट घालून आले. बेसमेंटमध्ये! पायऱ्या उतरताना कोटाला कपड्यांच्या दोरीवरचा चिमटा लागला, तो तसाच घेऊन बसले. सुरुवात ठरलेली: "आम्ही आलो तेव्हा इथे कोथिंबीर मिळत नव्हती!"

ही पिढी प्रत्येक वाद कोथिंबिरीपासून सुरू करते. तुम्ही विचारा, "मुलींना मत का नाही?" उत्तर: कोथिंबीर. "हॉलला रॅम्प का नाही?" कोथिंबीर! जणू यांनी कोथिंबिरीशिवाय दहा वर्षं काढली म्हणून पुढची पन्नास वर्षं आम्ही गप्प बसायचं.

मग मुद्दा. "मंडळ सार्वभौम आहे. सभासद कोण हे मंडळ ठरवणार. उद्या तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन मीठ किती ते पण सांगाल! कोर्टाला आम्ही खुर्ची दिलीय, आमच्या घराची किल्ली नाही."

देसाई डॉक्टर शांतपणे म्हणाले, "भालेराव, ती चौदा वर्षं शिकवते ती कोण म्हणून?"

"सेवा म्हणून."

"आणि सेवा करणारी बाई मंडळाच्या आतली की बाहेरची?"

"डॉक्टर, तुम्ही हार्टवाले आहात, ही घटनेची बाब आहे!"

आता गंमत ऐका. भालेराव काका प्रत्येक गणपतीत एक गोष्ट सांगतात. सत्तरच्या दशकात त्यांच्या कंपनीने ब्राउन माणूस म्हणून प्रमोशन नाकारलं. मॅनेजर म्हणाला, आमची कंपनी, आमचे नियम. काका थेट प्रॉव्हिन्सच्या ट्रायब्युनलकडे गेले. जिंकले. ट्रायब्युनलने कंपनीला वाकवलं. ही गोष्ट मी लहानपणापासून किमान पंधरा वेळा ऐकलीय. दर वेळी शेवटी ते छातीवर हात ठेवून म्हणतात, "वर दाद मागायची सोय होती, म्हणून आज मी माणूस म्हणून उभा आहे."

मी रजिस्ट्रार. मला बोलायचा अधिकार नाही. पण बोलले. "काका, ती प्रमोशनची गोष्ट सांगा ना जरा."

काकांनी घड्याळ बघितलं. "आज वेळ नाही."

*

निकाल मावशीच्या बाजूने लागला. तिघांचं एकमत. आपटे सरांनी तो बावीस पानी लिहिला. त्यात रोम होतं, लक्झेंबर्ग होतं, लॅटिन होतं. नीलिमा मावशी सतराव्या पानावर पहिल्यांदा यायची.

मी म्हटलं, "सर, हे मोठ्याने वाचायचंय. सतराव्या पानापर्यंत अर्धी सभा पार्किंग लॉटमध्ये असेल."

"सई, न्यायाला तपशील लागतो."

"न्यायाला ऐकणारा लागतो, सर."

रागावले. पण देसाई डॉक्टर म्हणाले, "आपटे, पेशंटला मी कधी बावीस पानं दिली नाहीत." शेवटी असं ठरलं की बावीस पानं जोडपत्र, आणि मुख्य निकाल मी लिहायचा. मी पाच मिनिटांत लिहिला. तीन वाक्यं. सोपं मराठी, तिसरीतल्या मुलालाही वाचता येईल असं. तिघांनी सह्या केल्या. मी कागद कुरियरने ग्वेल्फला पाठवला.

मला खरंच वाटलं होतं, संपलं.

*

डिसेंबरची सभा. विषयपत्रिकेवर शेवटचा मुद्दा: "न्यायपीठ निकालाचे वाचन." त्याच्या आधीचा मुद्दा संपताच भालेराव काका माईकवर म्हणाले, "मंडळी, पानं वाढलीयत, पुऱ्या गरम आहेत!" तीस सेकंदांत हॉल रिकामा. इतिवृत्त: "वेळेअभावी वाचन पुढील सभेत."

फेब्रुवारीची सभा. हॉल दोनपर्यंत होता. दोनला पाच कमी असताना काकांनी हिवाळ्यात गेलेल्या सगळ्या नातेवाइकांना श्रद्धांजली वाहायला घेतली. कॅनडातले संपल्यावर नाशिकचे काढले!

एप्रिलची सभा. "चष्मा घरी राहिला."

कपाळावर होता.

मे महिन्यात मी स्वतः गेले. गॅरेजमधून सुट्टी काढून. दारात मला पिवळा बिल्ला लावला, तो लावून घेतला. मुद्दा आला तशी उठले आणि म्हटलं, "मी वाचते."

"अगं सई, बाळा," काका माईकवरून, सगळ्यांसमोर, गोड आवाजात, "आमच्या नियमाप्रमाणे सभेत फक्त सभासद आणि त्यांच्या कुटुंबातली माणसंच बोलू शकतात. तुझे आईबाबा कॅलगरीला गेले ना? मग आता तू पाहुणी. पाहुण्यांनी बोलायचं नसतं, जेवायचं असतं!"

दीडशे माणसं हसली. डॉक्टर, इंजिनियर, प्रोफेसर. अर्ध्यांची पोरं मावशीकडे शिकलेली. मावशी मागे किचनच्या दाराशी ग्लास भरत उभी होती. एकाने, एकाने तरी उठून "मी वाचतो" म्हणावं? सगळ्यांना निकाल माहीत होता! कुरियर आल्यापासून सगळ्यांच्या फोनवर फिरत होता! पण मोठ्याने कोणी वाचला नव्हता ना. म्हणजे कोणाला माहीत नव्हता.

भित्रे लेकाचे. टेन्युअरची कायम नोकरी मिळाली, घरं झाली, पेन्शनी आल्या, आता कशाची भीती आहे यांना? एका माणसाने गणपतीत आरतीचं ताट दुसऱ्याच्या हातात दिलं तर? एवढ्याची!

*

मी तशीच तडक आपटे सरांकडे गेले. सर बेसमेंटमध्ये झाडांची रोपं लावत होते.

"सर, सहा महिने झाले."

"संयम ठेव. कोर्टाची ताकद विश्वासात असते. हळूहळू सवय लागते मंडळांना."

"तोवर मावशी बिल्ला लावून बाराखडी शिकवणार?"

"युरोपातही एका दिवसात झालं नाही, सई. तू डिग्री पूर्ण केली असतीस तर तुला कळलं असतं."

आली का डिग्री! मी ती का सोडली ते सरांना माहीत होतं, तरी. हॅलिफॅक्सला सेमिनारमध्ये मी विचारलं होतं, "एखाद्या देशाने निकाल ऐकलाच नाही असं केलं, तर?" प्रोफेसर म्हणाले, छान प्रश्न, यावर पेपर लिही. मी लिहिला. ए मिळाला. दुसऱ्या सेमिस्टरला तोच प्रश्न पुन्हा विचारला. म्हणाले, छान प्रश्न, यावर थीसिस करता येईल. त्या दिवशी कळलं, इथे प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, बढती मिळते! फेरीबोटीने बंदराच्या पलीकडे खोलीवर आले आणि युनिव्हर्सिटीत परत गेलेच नाही.

"सर," मी म्हटलं, "डिग्री पूर्ण केलेले अकरा अध्यक्ष आहेत. काहींच्या तर दोन-दोन आहेत. त्यातल्या एकाला तरी कळलं का?"

सरांनी एक रोप उगाच कुंडीतून काढून परत त्याच कुंडीत लावलं.

मग पाठमोरेच म्हणाले, "कलमात 'वाचला गेल्याच्या' असं आहे. भालेरावांच्या घाईत ते तसंच राहिलं. अध्यक्षाने वाचावा असं काही नाही त्यात." आणि पाणी घालायला लागले.

*

सप्टेंबरमध्ये भालेराव काका गॅरेजमध्ये आले. गाडी एका बाजूला ओढते म्हणून. मला ओव्हरऑलमध्ये बघून चेहरा असा केला की जणू मी तिथे गाडीखाली चिरडून पडलेय.

"अरेरे, सई. इथे? बाबांना माहितीय ना?"

"हो काका. त्यांचे टायर पण मीच बदलायचे."

गाडी वर घेतली तर विंटर टायर अजून तसेच. सप्टेंबरात! आणि पुढचे दोन्ही उलटे बसवलेले. त्या टायरवर एक बाण असतो, चाक कुठल्या दिशेने फिरलं पाहिजे ते दाखवणारा. दोन्ही बाण मागे.

"कोणी बसवले हे?"

"मीच. आय अ‍ॅम अ मेकॅनिकल इंजिनियर!"

"बाण उलटे आहेत, काका."

काकांनी वाकून बाण बघितला. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पुन्हा बघितला. म्हणाले, "तो सल्ला असतो गं. कंपनीवाले लिहितात. गाडी आपली आहे."

"बर्फात घसराल."

"पन्नास वर्षं चालवतोय. आम्ही आलो तेव्हा..."

"कोथिंबीर. माहितीय."

किल्ली घेतली आणि गेले. उलट्या बाणांवर, ग्वेल्फपर्यंत!

*

आता शेवटचा.

ग्वेल्फ मंडळाची वार्षिक सभा ऑक्टोबरात असते. तिथे गणसंख्या कधीच भरत नाही, कारण सभेला कोण येतं? म्हणून भालेराव काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एक युक्ती काढली. मुलांचा कार्यक्रम सभेच्या आधी नाही, नंतर नाही, सभेच्या आत ठेवायचा. मुद्दा क्रमांक तीन. पोरं स्टेजवर असेपर्यंत आईबाप हलत नाहीत. तेवढ्यात कुलकर्णी काका डोकी मोजतात, गणसंख्या लिहितात, आणि सभा कायदेशीर. काकांना या युक्तीचा फार अभिमान आहे.

मी मागे उभी होते. पिवळा बिल्ला. शेजारी नीलिमा मावशी. पिवळा बिल्ला. तिने नऊवारी नेसली होती. मी तिला सणालाही कधी नऊवारीत बघितलं नव्हतं.

कार्यक्रमाआधी काका घाईघाईने आले. "काय गं नीलिमा, काय बसवलंयस या वर्षी? श्लोक?"

"गद्य पाठांतर, भाऊ."

"गद्य? बरं बरं. असू दे. उच्चार स्वच्छ हवेत हं!"

"ते बघा तुम्हीच."

सात मुलं स्टेजवर आली. सगळी सभासदांचीच. पुढे ईशा, नऊ वर्षांची, भालेराव काकांची नात. तिने माईक खाली ओढला, मागे वळून मावशीकडे बघितलं, आणि हातातला कागद उलगडला. पाठ होतं, तरी कागद समोर धरला आणि बोट ठेवून वाचायला लागली. बाकीची सहा तिच्या मागोमाग.

"सभासद म्हणजे माणूस. कुटुंब नव्हे."

हॉलमध्ये दीडशे फोन वर गेले. सगळे व्हिडिओ घेत होते. भालेराव काका कोपऱ्यात केटररशी जिलब्यांबद्दल बोलत होते.

"प्रत्येक सभासदाचं नाव त्याच्या किंवा तिच्या स्वतःच्या नावाने नोंदवलं जाईल."

मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी फोन खाली घेतले. एकीने दुसरीच्या दंडाला हात लावला.

"नीलिमा वर्तक या ग्वेल्फ मंडळाच्या सभासद आहेत. हे वाचलं त्या क्षणापासून."

एक अक्षर अडखळलं नाही. "क्षणा" मधला "ण" सुद्धा असा, की सदाशिव पेठेने मान खाली घालावी! टाळ्या पडल्या. इथे मुलं मराठीत काहीही बोलली तरी टाळ्या पडतात. टाळ्या ऐकून भालेराव काका धावत स्टेजवर आले, डोळे पुसत. नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईक घेतला.

"वा! वा! वा! मंडळी, कोण म्हणतं आपली भाषा मरतेय? काय ते उच्चार! मागच्यांना ऐकू आलं नसेल. मुलांनो, पुन्हा एकदा होऊन जाऊ दे!"

ईशाने वर बघितलं. "आजोबा, अगेन? द होल थिंग?"

"द होल थिंग! आणि मोठ्याने!"

मुलांनी पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश, वाक्यावाक्याला थांबून. काका शेजारीच उभे होते, कौतुकाने मान डोलवत. पहिल्या वाक्याला डोलली. दुसऱ्या वाक्याला अर्धी डोलली. तिसऱ्या वाक्याला सगळा हॉल चिडीचूप झाला. नीलिमा मावशीने छातीवरच्या बिल्ल्याची क्लिप दोन बोटांत धरली होती. काढली नव्हती. नुसती धरली होती.

त्या शांततेत फक्त एक आवाज येत होता. पहिल्या रांगेत कुलकर्णी काकांचं पेन चालू होतं. ते थांबलं. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग वहीत, मग पुन्हा घड्याळाकडे, आणि चष्म्यावरून स्टेजकडे बघत, रोजच्याच आवाजात विचारलं,

"भालेराव, पहिल्या वाचनाची वेळ लिहू, की दुसऱ्या?"